मेटोपला ‘खण’ म्हणता येईल का?

प्रश्न असा आला आहे: पार्थेनॉन या अथेन्समधल्या प्राचीन देवळावरच्या एका मराठी लेखात ‘शिल्पपट्ट’ हा शब्द एकदा फ्रीझसाठी आणि लगेच पुढच्या परिच्छेदात मेटोपसाठी वापरला आहे. दोन्ही एकच का? नसतील तर मराठीत काय म्हणावं?

एकच नाहीत, पण गल्लत होण्यासारखी आहे खरी. ग्रीक देवळात खांबांवर दगडी तुळई टेकलेली असते. तिच्या वरचा आडवा पट्टा म्हणजे फ्रीझ. डोरिक शैलीत हा पट्टा तुकड्यातुकड्यांचा असतो: उभ्या खाचा पाडलेला ठोकळा, मग चौकोनी फरशी, पुन्हा ठोकळा, पुन्हा फरशी. ठोकळा तो ट्रायग्लिफ, फरशी ती मेटोप. म्हणजे मेटोप हा फ्रीझचाच भाग झाला. आयोनिक शैलीत पट्टा अखंड. पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) मूळचं डोरिक, तरी तिथे दोन्ही आहेत. बाहेरच्या खांबांवर ९२ मेटोप, आणि खांबांच्या रांगेआड गाभाऱ्याच्या भिंतींच्या माथ्यावर सुमारे १६० मीटर लांबीचा अखंड पट्टा. एकच शब्द दोघांना लावला की वाचक नक्की कुठे बघणार?

मेटोप या शब्दातल्या ‘ओपे’चा अर्थ भोक किंवा खोबण. तुळईचं टोक जिथे बसतं ती खोबण, आणि अशा दोन खोबणींच्या मधली जागा ती मेटोप. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो की ही सगळी रचना आधी लाकडात होती. तुळयांची पुढे आलेली टोकं कापून त्यांवर फळ्या ठोकत, त्याचे पुढे दगडात ट्रायग्लिफ झाले. हे मूळ सगळ्याच अभ्यासकांना पटत नाही, पण शब्दाचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. आणि दोन तुळयांमधल्या जागेला आपल्याकडे शब्द आहे, खण! ‘पाच खणांचं माजघर’ म्हणतात तोच. ड्रॉवरचा किंवा चोळीचा खण कुणाला आठवला तर पहिल्या वेळी ‘शिल्पखण’ लिहावं, पुढे नुसता खण चालेल.

फ्रीझला ‘थर’ म्हणायचा मोह मलाही होतो. गजथर, अश्वथर, नरथर हे शब्द तयार आहेत, आणि पार्थेनॉनच्या पट्ट्यावर घोडेस्वार तर रांगेने आहेत. पण आपले हे थर देवळाच्या पिठावर, म्हणजे जोत्यावर, खाली असतात. हा पट्टा मान वर करून बघायचा, म्हणून तर त्याचं कोरीव काम वरच्या बाजूला जास्त खोल आणि खालच्या बाजूला उथळ ठेवलं आहे. तेव्हा इथे ‘शिल्पपट्ट’च बरा.

ट्रायग्लिफला मात्र मराठी साज चढवू नये. शब्दात तीन खाचा आहेत, पण ठोकळ्यावर मधे दोनच पुऱ्या खाचा असतात. तिसरी पुरी होते ती दोन्ही कडांच्या अर्ध्या-अर्ध्या मिळून. ‘त्रिखाच’ वगैरे केलं तर हेही समजावत बसावं लागेल. गाभारा हा शब्द चालतो, कारण मूर्ती तिथेच असे. सभामंडप टाळा, यज्ञबळीची वेदी बाहेर उघड्यावर असायची, लोक तिथे जमत.

तर लेखातलं वाक्य असं करता येईल (लॅपिथ ही ग्रीक पुराणकथांतली एक जमात, सेंटॉर म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा): ‘दक्षिणेकडच्या खणांत लॅपिथ आणि सेंटॉर यांची झुंज कोरली आहे, तर आतल्या शिल्पपट्टावर मिरवणूक चालली आहे.’