नऊ वर्षांच्या मुलाला बीपी असू शकतं का, की मशीनच चुकतंय?

आजोबांच्या मशीनवर तुमच्या मुलाचं बीपी १३२/८८ आलं आणि घरचे म्हणतात, "पट्टा मोठा आहे, म्हणून जास्त दाखवते." हेच वाक्य आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. पावसाळ्यात डास चावून पायावर फोड आले, चिघळले. मलम लावलं, विसरलो. तीनेक आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसू लागला. सासूबाई खूश, "गाल भरले पोरीचे!" लघवी काळ्या चहासारखी, तर मी म्हटलं पाणी कमी पीत असेल. डोकं दुखायचं त्याचं खापर मोबाइलवर. भासऱ्यांनी त्यांचं मशीन लावलं, वरचं १३८ आलं. हसले. "लहान पोट्ट्यांना कुठं बीपी राहते का!"

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन गल्लीत फिरून आली, उलटी केली, "आई, नीट दिसत नाही" म्हणाली आणि फिटच आली. धंतोलीतल्या दवाखान्यात मुलांच्या पट्ट्याने मोजलं: १६८/११२.

बारीक हाताला मोठा पट्टा लावला की बीपी सहसा कमी दिसतं, जास्त नाही! जास्त दाखवतो तो लहान पट्टा. म्हणजे तुमचा मुलगा हडकुळा असेल तर खरा आकडा आणखी वर असू शकतो.

फोडांतल्या जंतूंपायी किडनीला सूज आली होती. शिरेतून औषध चालू होतं आणि मी मागे लागले, लवकर उतरवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकूण जेवढं उतरवायचं त्याच्या पाव हिश्शाहून जास्त पहिल्या आठ तासांत नाही, एकदम उतरलं तर मेंदूला रक्त कमी पडतं. त्यामुळे आजोबांची गोळी अर्धी करून देणं वगैरे मनातही आणू नका. आमच्या गोळ्या दोनेक महिन्यांत सुटल्या. पापड-लोणचं तेवढे दिवस बंद होतं.

नऊ वर्षांच्या मुलाला १३२/८८ खूपच होतं. पाच मिनिटं शांत बसवून, उजव्या हाताला, मापाच्या पट्ट्याने बालरोगतज्ज्ञांकडून पुन्हा मोजून घ्या. लघवी तपासा, पायाचंही बीपी बघायला सांगा. हृदयातून निघणारी मोठी नस अरुंद असली तर हातात जास्त आणि पायात कमी येतं. डोकेदुखीसोबत उलटी, धूसर दिसणं, बरळणं किंवा फिट असेल तर सकाळची वाट बघू नका.

मी डॉक्टर नाही, आणि तुमच्या मुलाचं कारण वेगळं असेल. वजनामुळेही वाढतं, किंवा मोजताना घाबरला तरी.

भासरे अजून म्हणतात, पोरीला ऊन लागलं होतं. भर पावसाळ्यात.