ब्रेक पूर्ण दाबता येतो का?

प्रश्न : ताई, मी 57 वर्षांची, सेलूजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांची गाडी आता मीच चालवते. सेलू ते परभणी, कधी मानवतला बहिणीकडं. काटा साठच्या पुढं जाऊ देत नाही. पुण्याच्या मुलानं वाढदिवसाला कोइम्बतूरच्या रेसट्रॅकवर एक दिवसाचं ड्रायव्हिंग प्रशिक्षण बुक केलंय. जाऊबाई म्हणतात, या वयात हे काय खूळ! सून म्हणते, फेसबुक-इन्स्टाग्रामवर या, डी.एड.च्या मैत्रिणी सापडतील, ट्रॅकवरचा व्हिडिओही टाकता येईल. दोन्हीची ओढ आहे आणि दोन्हीची धास्ती. काय करू?
– एक शिक्षिका, सेलू

उत्तर : बाई, जा. जाऊबाईंना सांगा, परभणीच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या ताई एक्कावन्नाव्या वर्षी जाऊन आल्या आणि तिथं जे शिकल्या ते रोज पोरांना शिकवतात.

मी गेले होते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. 1990 पासूनचा, 3.7 किलोमीटरचा ट्रॅक. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून लहान, 2.1 किलोमीटरचा, 2003 मध्ये सुरू झालेला. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याच शहरातला. त्या गावाला गाड्यांचं वेड जुनं आहे, तिथं कुणी तुमच्या वयाकडं बघत बसणार नाही.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या गाडी पळवायला देतील. पहिला तास बसण्यातच गेला. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांब केला, तर मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. मी कित्येक वर्षं सीट एक खाच मागं ठेवून चालवत होते. तुमची गाडी यजमानांच्या उंचीनं लावलेली असेल, तर आज संध्याकाळीच हे तपासून घ्या. त्यासाठी कोइम्बतूरची वाट बघू नका.

मग ब्रेक. सरळ रस्त्यावर शंकू मांडलेले, पहिल्या शंकूपाशी पोचलं की पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबायचा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं की पायाखाली पेडल थरथरतं, करकर आवाज येतो. काहीतरी मोडलं असं वाटून माणूस पाय उचलतो. मीही उचलला, दोनदा. शेजारी बसलेला प्रशिक्षक एवढंच म्हणाला, 'दाबून ठेवा.' तिसऱ्या वेळी दाबून ठेवला आणि गाडी सरळ रेषेत, शेवटच्या शंकूच्या बरीच अलीकडं उभी राहिली. एवढी वर्षं मी विद्यार्थ्यांना 'हळू, हळू ब्रेक मारा' सांगत आले होते. रोजच्यासाठी ते बरोबरच आहे. पण आडवं वासरू आलं की हळू मारलेला ब्रेक उपयोगाचा नाही, आणि आपला पाय पूर्ण दाबू शकतो का हे आपल्याला कधी कळलेलंच नसतं.

याचा हिशोब तुम्ही वर्गात फळ्यावर मांडू शकाल. कोरड्या रस्त्यावर ताशी 60 ला पूर्ण ब्रेक मारला तर गाडी साधारण 18 मीटरमध्ये थांबते. 120 ला वेग दुप्पट, पण अंतर चौपट, म्हणजे सत्तरच्या वर. त्याआधी दिसून पाय हलायला सेकंदभर जातो, त्यात 60 ला 17 मीटर आणि 120 ला 33 मीटर निघून जातात. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मुभा आहे. जालन्याहून चढाल तेव्हा हे शंभर मीटर डोळ्यांपुढं ठेवा.

दुपारी वळणं. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. टायरची पकड ठरावीक असते. ती वळायला खर्च होत असताना वर ब्रेकही मागितला, तर गाडी ऐकत नाही. आणि डोळे वळणाच्या शेवटाकडं. जिथं बघाल तिकडं हात आपोआप जातो. हे मला सगळ्यात कामाला आलं ते गळीत हंगामात. रात्री बिनलाइटची उसाची ट्रॉली अचानक समोर येते तेव्हा नजर ट्रॉलीवरच खिळते आणि गाडी तिकडंच ओढली जाते. नजर मोकळ्या जागेकडं न्यायची, हे सांगून येत नाही, करून करून येतं.

तयारीचं थोडक्यात. बीपी, मान, कंबर यांचं डॉक्टरांना विचारून जा. सकाळी हलकं खा, सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट. गाडी त्यांची की आपली ते विचारा. आपली असेल तर साध्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, म्हणून नुकसान कुणाच्या माथी ते लेखी घ्या. शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेक तापलेले असतात. थांबल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. मळमळलं की 'थांबा' म्हणा. मी म्हणाले होते.

आता फेसबुक. मैत्रिणी सापडतील, पण एक अडचण तुम्हाला जाणवेलच. डी.एड.च्या वेळची नावं लग्नानंतर बदलली. त्या तुम्हाला शोधतील माहेरच्या नावानं, तुम्ही त्यांना शोधाल त्यांच्या. म्हणून प्रोफाइलमध्ये माहेरचं नावही लिहा, विद्यालयाचं नाव आणि वर्ष टाका, जमलं तर त्या वेळचा गटाचा फोटो. मला तीस वर्षांनी माझी वसतिगृहातली सोबतीण अशीच मिळाली. ती आता उदगीरला असते. पहिल्या फोनवर आम्ही दोघी नुसत्या रडलो.

प्रोफाइल लॉक करा. व्हॉट्सॲपमध्ये कुणीही ग्रुपात ओढणार नाही अशी सेटिंग लावा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. मैत्रिणीच्या नावानं पैशाचा मेसेज आला तर तिला फोन लावून आवाज ऐका. फसगत झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. आणि कोइम्बतूरला असताना तिथले फोटो टाकू नका, सेलूचं घर कुलपात आहे हे गावाला कशाला कळवायचं? परत आल्यावर टाका.

व्हिडिओचं मात्र नीट ऐका. चेन्नईहून आल्यावर मी स्पीडोमीटरचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. खूप लाइक आले. आठवड्याच्या आत माझ्याकडंच शिकलेला एक मुलगा वडिलांची गाडी घेऊन गंगाखेड रोडला गेला, मित्र मागच्या सीटवर मोबाइल धरून. गाडी शेतात उलटली. हात मोडला, जीव वाचला. दवाखान्यात त्यानं मला त्याच्या मोबाइलवर माझाच व्हिडिओ दाखवला. त्याची आई कोपऱ्यात उभी होती, मला एक शब्द बोलली नाही. मी तो व्हिडिओ तिथंच पुसला. तुमचे विद्यार्थी, त्यांचे भाऊ तुम्हाला बघणार आहेत, बाई. काट्याचा व्हिडिओ टाकू नका. शंकूंपाशी थांबलेल्या गाडीचा टाका, आणि खाली लिहा किती मीटरमध्ये थांबली.

प्रश्न : ट्रॅकचे पैसे परवडत नाहीत. पहाटे समृद्धीवर गर्दी नसते, तिथं सराव केला तर चालेल का?
– एक तरुण, अंबड

उत्तर : नाही. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं, चुकलं तर बाजूला मोकळी जागा, झेंडे दाखवणारी माणसं, उभी ॲम्ब्युलन्स. पहाटेच्या रस्त्यावर पंक्चर झालेला ट्रक आणि त्याचं चाक बदलणारा माणूस असतो. परवाना असेल तर वडिलांना घेऊन कुठल्याही रविवारी परभणीला या. पाथरी रोडच्या मैदानावर मी शंकू मांडते, ताशी चाळीसच्या वर कुणाला जाऊ देत नाही. पूर्ण ब्रेक दाबायला तेवढा वेग पुरतो. फी नाही. बूट घालून या, चप्पल चालणार नाही.