कोकण किनाऱ्यावर पिढीजात, जुनी, जाऊन बघता येईल अशी वाइनरी आहे का?

द्राक्षांची म्हणत असाल तर नाही, आणि होईल असंही वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये आई-वडिलांना घेऊन मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत उतरणार आहात आणि वाटेत मळा, तळघर, चव असं सगळं दाखवणारं एखादं जुनं घराणं हवंय. मी सावंतवाडीकडचा, काजू-आंब्याचा बागायतदार. त्यामुळे आधी वेलीचं सांगतो, मग कुठे जायचं ते.

नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पाऊस ओसरताना फळछाटणी, आणि थंडीच्या कोरड्या हवेत घड भरतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो गेला तरी हवेतला दमटपणा जात नाही, म्हणजे केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग ठाण मांडूनच बसणार. शिवाय वाईनच्या द्राक्षाला दिवसा ऊन नि रात्री गारवा लागतो. इथे रात्री पंख्याखालीही घाम येतो. हौसेने परसात कुणी वेल चढवतं, पण त्याची द्राक्षं बुलबुलांच्या कामाची.

राहिलं 'जुनं घराणं'. ते चित्र मूळ युरोपातलं. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची वाईनसाठी हद्द आखली गेली १७५६ साली. आपल्याकडे घाटावरसुद्धा हा धंदा तरुण आहे. शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शॅम्पेनच्या धर्तीची वाईन काढली ती १९८०च्या दशकात, आणि ती कंपनी पुढे बुडाली. नाशिकची सुला वाईन कंपनी १९९९ची, आता तिचे शेअर बाजारात मिळतात, म्हणजे घराण्याची म्हणायची सोय राहिली नाही. गोव्यातल्या दुकानात पोर्ट वाईनच्या बाटल्या ओळीने दिसतील, त्यातली द्राक्षंही गोव्याबाहेरून येतात.

वाईनच हवी असेल तर प्रवासाच्या अगदी सुरुवातीला, उलट्या दिशेने, बोर्डीला जा. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याच्या वाड्या तिथे समुद्रापर्यंत आल्यात. त्या चिकूची वाईन बोर्डीच्या हिल झिलने फ्रुझांते नावाने बाजारात आणली. घरच्या माणसांनी उभं केलेलं काम आहे. जुनं नाही, पण फळ खरोखर तिथलं. आधी फोन करून मगच निघा.

पण एप्रिलात येताय, तर माझं मत विचाराल तर वाईनचा नाद सोडा आणि काजूची भट्टी बघा. पिढीजात म्हणाल तर ती हीच. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, आणि फेणी गाळणारी घरं गोव्यात आजोबा-पणजोबांपासून तेच करतायत. मार्च ते मे एवढाच हंगाम. ऑगस्टात आलात तर रिकामं भांडं बघाल.

भट्टीवर सकाळी जा, उन्हं चढायच्या आत. बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते काजूचं रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात. बी पिळून काढायची आणि बोंडू कोळंबीत टाकायचे. कोळंबी म्हणजे जांभ्यात कोरलेलं उथळ टाकं, एका बाजूला रस वाहून जायला उतार. त्यात पायांनी तुडवतात. मग उरलेल्या चोथ्याची ढेप करून तिला रानवेलीने गच्च गुंडाळतात आणि वर दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब झरतो तो नीरो. हा आई-वडिलांना जरूर द्या, त्यात दारू नसते. फक्त दुपारपर्यंत थांबलात तर आंबायला लागतो. पायाने तुडवलेला रस पिताना आई नाक मुरडेल, चालायचंच. आणि कपडे जुने घाला, बोंडवाचा डाग धुतल्याने जात नाही.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबला की भाणात, म्हणजे दारू गाळायच्या मोठ्या भांड्यात चढवून खाली लाकडं पेटवतात. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, त्यावर पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेचा हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो टिकत नाही, म्हणून हंगामाबाहेर मिळत नाही. लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. हुर्राक पुन्हा रसाबरोबर गाळला की चाळीस टक्क्यांच्या वरची फेणी. तिचा वास पहिल्यांदा अंगावर येतो. नाक दाबून एका घोटात मारू नका, थोडी थोडी घ्या.

काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं. रीतसर दाखवणारं ठिकाण हवं असेल तर दक्षिण गोव्यात कासावलीजवळ वाझ कुटुंबाचं काझुलो आहे. गर्राफाव म्हणजे जुन्या फुगीर काचेच्या बाटल्या, त्यांत मुरवलेली फेणी ठेवलेलं तळघर आणि चवीचा कार्यक्रम, म्हणजे तुमच्या मनातल्या चित्राच्या सगळ्यात जवळचं तेच. आगाऊ नोंदणी करून जा. उत्तरेत कांदोळीला २०२१ पासून दारूचं संग्रहालय आहे, पण बंद खोलीतल्या भांड्यांना भट्टीचा धूर येत नाही. वेळ उरला तर जा.

सीमेच्या अलीकडे, आमच्या बाजूला, असं काही शोधू नका. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात १९५७ पासून काजूवर काम चाललंय, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं आमच्याच बागेत उभी आहेत, बी चांगल्या भावाने जाते. बोंडू मात्र बहुतेक झाडाखाली कुजतो. तोच माल, तेच झाड, पण परवान्याचे कायदे वेगळे. हे बघून दरवर्षी चिडचिड होते, असो.

एक व्यवहाराची गोष्ट. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या उघडून बघतात. 'फक्त एकच आहे हो' हे तिथे चालत नाही. आवडली तर गोव्यातच प्या, आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.