बापाची सही नसेल तर

कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एक बाई माझ्याकडे आली. मजुरी बुडवून आली होती. हातातल्या पिशवीत पोरीचे कागद.

"ताई, भावानं दुबईले बोलावलं, महिनाभर. माहा पासपोर्ट झाला, पोरीचा अडला. बापाची सही लागते म्हंते. थो त चार वर्सं झाले, कुठी हाय पत्ताच नाही. फॉर्म भरणारा म्हंते, तुम्हीच मारा त्याची सही."

"नका मारू," मी लगेच म्हटलं. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या सहीची मुळात गरजच नव्हती. आईवडील दोघंही संमती देत असतील तर पासपोर्टच्या अर्जासोबत 'परिशिष्ट डी' नावाचं निवेदन भरतात. एकाची संमती मिळणं शक्य नसेल तर 'परिशिष्ट सी' असतं. त्यात आईनं खरी परिस्थिती लिहायची, साध्या कागदावर, खाली स्वतःची सही. डिसेंबर २०१६ पासून नोटरीही लागत नाही. मात्र पोरीच्या ताब्याचा दावा कोर्टात असेल तर लपवायचा नाही, आधी कोर्टाची परवानगी घ्यायची. हिच्या बाबतीत तसा दावा नव्हता.

जन्माच्या दाखल्यात मात्र अडचण निघाली. बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. बारशाआधीच नोंद झालेली, पुढे कोणी पाहिलंच नाही. आपल्याकडे हे फार घरांत सापडतं. नोंदीत नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जिथं जन्म नोंदवला तिथंच ती गेली, नाव घालून आली.

मग परिशिष्ट लिहायला बसलो. मी लिहीत होते, ती सांगत होती. 'पती' या शब्दापाशी ती थांबली. नख टेबलाच्या कडेवर घासत राहिली. गावात चार वर्षं ती "कामाले गेले, पुन्याले" असंच सांगत आली होती. खरी भीती विमानतळाची नव्हतीच, ती या एका ओळीची होती. मी पेन खाली ठेवलं. पाणी दिलं. घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "लिवा ताई. सोडून गेला."

आठ वर्षांखालच्या मुलांना शुल्कात दहा टक्के सूट असते, म्हणून हजाराऐवजी नऊशे रुपये लागले. पासपोर्ट पाच वर्षांचा. व्हिसा पोरीचा वेगळा काढायचा, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, हेही सांगून ठेवलं. काही देशांचे दूतावास दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतात. म्हणून परिशिष्टाची प्रत, मूळ जन्मदाखला आणि भावाचा तिथला पत्ता हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितलं, सामानाच्या बॅगेत नाही.

पासपोर्ट पोस्टानं आला तेव्हा ती पोरीला घेऊन दाखवायला आली. पोरगी फोटोवर बोट ठेवून विचारत होती, "माये, यात मी हसत काऊन नाही?"