केकच्या रेसिपीत तेल 250 मिली लिहिलंय, घरी फक्त वजनकाटा आहे. 250 ग्रॅम घेतलं तर चालेल का? आणि सगळ्या तेलांना एकच हिशेब का?

नाही, 228 ग्रॅम घ्या. तेल पाण्यापेक्षा हलकं, लीटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. 250 घेतलंत तर दीडेक टेबलस्पून जास्त जाईल, केक तेलकट होईल एवढंच. पण "लीटर काय नि किलो काय, एकच" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही, कारण त्यापायी माझ्या आईवर चोरीचा आळ आला होता.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, मी आठवीत. दिवाळीच्या फराळासाठी मजल्यावरच्या पाच घरांनी वर्गणी काढून शेंगदाणा तेलाचा 15 किलोचा डबा आणला, घरटी 3 किलो. वाटायचं काम आईकडे. काटा नव्हता म्हणून तिने दूधवाल्या भैयाचं लीटरचं माप मागून आणलं आणि प्रत्येकीला तीन-तीन मापं दिली. दर वेळी माप उलटं धरून शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबायची, मला अजून दिसतंय ते. सगळ्यांचं देऊन झालं तरी डब्यात जवळजवळ दीड लीटर उरलं. आई म्हणाली दुकानदाराने चुकून जास्त भरलं असेल, संध्याकाळी सगळ्यांना विचारून वाटू.

संध्याकाळ व्हायच्या आत शेजारच्या काकूंनी आपलं तेल वाण्याकडे नेऊन वजन करून आणलं. पावणेतीन किलोही भरेना. त्यात आमच्याकडे उरलेलं तेल दिसलं, मग काय, अख्ख्या गॅलरीत तमाशा. आईने उरलेलं सगळं तेल त्यांच्या दारात नेऊन ठेवलं आणि त्या वर्षी आमच्याकडे चकली झाली नाही.

हिशेब बघा ना. 15 किलो म्हणजे साडेसोळा लीटरच्या आसपास. पाच घरांना तीन-तीन लीटर दिलं की 15 लीटर गेलं, दीड उरणारच. आणि 3 लीटरचं वजन 2 किलो 730 ग्रॅम. कुणी कुणाचं मारलं नव्हतं! हे मला कळलं कितीतरी वर्षांनी, पिशवीवर '1 लीटर, 910 ग्रॅम' छापलेलं वाचून.

म्हणून माझं स्पष्ट मत, तेल वजनावरच घ्यावं नि वजनावरच वाटावं. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. सोयाबीनचं लीटरभर तेल 21 अंशाला 919 ग्रॅम आणि 60 अंशाला 892.6 ग्रॅम भरतं, म्हणून तर 2022 मध्ये सरकारने कंपन्यांना सांगितलं की पिशवीवर तापमान छापू नका, सरळ लीटर नि वजन दोन्ही बरोबर द्या. डबा घेताना पण 15 किलो आहे की 15 लीटर ते वाचा, भाव सारखा वाटला तरी जवळजवळ 1 किलो 350 ग्रॅमचा फरक आहे.

हां, तुमचं दुसरं राहिलंच. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, सगळ्यांना मिलीला 0.91-0.92 ग्रॅम हा हिशेब चालतो, घरच्या काट्यावर फरक कळणार पण नाही. खोबरेल थंडीत गोठलेलं असेल तर चमच्याने मोजू नका, काट्यावरच घ्या. आणि रेसिपीत मिलीऐवजी कप असेल तर तो 200 चा की 240 चा ते आधी बघा.

त्या काकू गेल्या वर्षी एका लग्नात भेटल्या, हसत हसत परत तोच विषय काढला. मी तिथेच कागदी रुमालावर हा हिशेब मांडून त्यांच्या हातात दिला. आई शेजारीच बसली होती.