दारू सोडल्यावर झोपेची गोळी: सुरुवातीलाच सांगावेसे काही

दारू सोडल्यावर सुरुवातीचे आठवडे झोप उडते, रात्री दोन वाजता जाग येते आणि आईच्या औषधांच्या डब्यातली अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या गोळीची पट्टी आठवते, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण समजू शकतो; तरीही ती पट्टी आजच आईला कुलपात ठेवायला सांगा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम ही औषधे मेंदूला शांत करणाऱ्या ज्या ‘गाबा’ यंत्रणेवर दारू काम करते तिच्यावरच काम करतात, त्यामुळे बाटलीची जागा पट्टी घेऊ शकते, आणि गोळीवर दारू घेतली गेली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

मात्र दारू सोडतानाच्या पहिल्या दिवसांत फिट येऊ नये म्हणून डॉक्टर याच गटातले क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध देतात आणि मात्रा उतरवत काही दिवसांत बंद करतात. तो उपचार आहे, तो नाकारू नका.

नुकतीच दारू सोडलेल्या माणसांकडून या चुका हमखास होतात:

- उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून जपून ठेवणे.
- दाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांपासून व्यसन लपवणे. लाज वाटते, हे खरे. पण त्यांना माहीत नसेल, तर ते सहजपणे गुंगीचे औषध लिहून देतील.
- रोजची गोळी जिद्दीने एकदम बंद करणे. ही चूक सर्वांत घातक, कारण त्यानेही फिट येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी.

झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागू शकतात. रात्र फारच जड गेली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.