दाव्याला बांधलेला फोन

सदर : लाइनमन काकाजींना विचारा

कापूस-सोयाबीन विकून दोन पैसे हातात आले की टपाल वाढतं, आणि घरात सगळ्यांत आधी नवा मोबाइल कुणाला हवा असतो हे सांगायला नको. या खेपेला बहुतेक पत्रांत एकच विषय आहे : नवा ५जी फोन, आणि तो आपल्याच सिमवर चालावा म्हणून कंपन्यांची चाललेली ओढाताण. मी टेलिफोन खात्याच्या खांबांवर चढून म्हातारा झालेला माणूस. बीएसएनएलकडे माझं माप थोडं झुकतं, तेवढं वजा करून वाचा.

प्रश्न : काकाजी, माहं पोट्टं यवतमाळले आयटीआय करते. त्याले ५जी फोन पाहिजे. ऑनलाइनवर एकच फोन दोन भावानं दिसते. एक साधा, दुसऱ्यावर एअरटेलचं नाव. नाववाला हजार-बाराशानं कमी हाय. आमच्या घरात जिओ चांगला चालते, वावरात मात्र एअरटेलच. दुकानदार म्हणते, कोणतंबी सिम टाका, चालते. पोट्टं म्हणते, स्वस्तवाला घ्या. काय करू?
– एक शेतकरी, ता. आर्णी

उत्तर : भाऊ, दुकानदार म्हणतो ते साध्या फोनाबद्दल खरं आहे. कंपनीचं नाव लागलेल्या फोनाचं तसं नसतं. जुलै २०२३ मध्ये एअरटेलनं पोकोचा सी५१ हा फोन ५,९९९ रुपयांत आणला. अट अशी की पहिले अठरा महिने त्यात एअरटेलचंच प्रीपेड सिम चालेल. मार्च २०२४ मध्ये पोको एम६ ५जीची एअरटेलवाली आवृत्ती ८,७९९ ला आली. पैसे तुम्ही मोजायचे, फोन तुमच्या खिशात राहायचा आणि दावं कंपनीच्या हातात. बाजारातून बैल आणला आणि दावं विकणाऱ्यानंच धरून ठेवलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

या भांडणाचं मूळ अमेरिकेत आहे. २९ जून २००७ ला पहिला आयफोन आला तो फक्त एटी अँड टी या एकाच कंपनीकडे. तिची मोठी स्पर्धक व्हेरायझन. तिच्याकडे आयफोन यायला फेब्रुवारी २०११ उजाडला. मधल्या काळात ज्याला आयफोन हवा त्यानं आपली जुनी कंपनी सोडायची, असा सरळ हिशोब होता. २००८ चा आयफोन ३जी तिकडे १९९ डॉलरला मिळे, म्हणजे तेव्हाचे साडेआठ हजारांच्या आसपास. पण सोबत दोन वर्षांचा करार. फोनाची उरलेली किंमत दरमहा बिलातून वसूल व्हायची.

तोच फोन २२ ऑगस्ट २००८ ला आपल्याकडे आला. एअरटेल आणि व्होडाफोन दोघांनीही एकाच दिवशी विकायला काढला. किंमत ३१,००० रुपये, तीही कमी मेमरीच्या फोनाची. लोक चिडले, की अमेरिकेत साडेआठ हजार आणि इथं एकतीस? गंमत म्हणजे फोनाचं नाव ३जी, आणि त्या दिवशी या दोन्ही कंपन्यांकडे ३जी नव्हतंच. खासगी कंपन्यांना ३जीच्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, मिळाल्या त्या २०१० च्या लिलावात. एवढे पैसे देऊनही फोन ज्या कंपनीचा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला.

आपल्याकडे फोन तसा स्वस्त का झाला नाही? कारण आपण प्रीपेडवाले. करार नाही, महिन्याचं बिल नाही. आज पटलं तर रिचार्ज, उद्या नाही पटलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम. अशा गिऱ्हाइकाला कंपनी फोन उधार देईल कशी? तिला वसुलीची खात्रीच नाही. म्हणून फोनालाच कुलूप घालायचं किंवा पैसे अडकवून ठेवायचे, या दोन युक्त्या इथं निघाल्या.

पैसे अडकवायची युक्ती २०१७ मध्ये जोरात चालली. जिओनं १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन काढला. तीन वर्षांनी फोन परत द्या, अनामत परत घ्या. त्यात सिम जिओचंच. लगेच ऑक्टोबरमध्ये एअरटेलनं कार्बनचा ए४० आणला आणि 'फक्त १,३९९ ला' अशी जाहिरात केली. पण खिशातून आधी २,८९९ द्यायचे होते. दरमहा १६९ चा रिचार्ज तीन वर्षं मारला, तर अठरा महिन्यांनी ५०० आणि छत्तीस महिन्यांनी १,००० परत. मागोमाग व्होडाफोननं मायक्रोमॅक्ससोबत तसाच फोन '९९९ ला' काढला. तिथंही आधी २,८९९ आणि दरमहा १५० चा रिचार्ज.

कागद-पेन घ्या. १६९ गुणिले ३६ म्हणजे ६,०८४ रुपये. पंधराशे परत मिळवायला सहा हजार चौऱ्याऐंशी मोजायचे. शहरात पगारदार माणसाला हे जमून जातं. आपल्याकडे जून-जुलैत बियाणं, खत, डवरणीची मजुरी यात घर रिकामं होतं. तेव्हा मोबाइल चार-चार आठवडे नुसता 'येणाऱ्या फोनापुरता' चालतो, हे ही योजना आखणाऱ्याच्या गावी नव्हतं. किंवा चांगलंच होतं. मला या दुसऱ्या गोष्टीचीच शंका जास्त येते.

आता तुमचं. घरात एका कंपनीची रेंज, वावरात दुसरीची. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, म्हणजे तुम्हाला दोन्ही सिम लागणार. नाववाल्या फोनात दुसऱ्या खाचेत काय चालतं आणि कुलूप किती महिन्यांचं, हे विक्रीच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरांत असतं. ते पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि पोरगा राहतो यवतमाळला. तिथं त्याच्या खोलीत कुणाची रेंज येते, हे त्याला विचारलंत का?

दुसरं, फोन घेण्याआधी टॉवर मोजा. रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक फोन आपल्या मनानं दाखवतो. अँड्रॉइड फोनात सेटिंग, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' इथं जा. बऱ्याच फोनांत 'सिग्नल स्ट्रेंथ' म्हणून एक उणे आकडा दिसतो, पुढे डीबीएम लिहिलेलं. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० ला बोलणं होतं, पण व्हिडिओ फिरत राहतो. उणे ११८-१२० ला 'हॅलो, हॅलो' शिवाय काही नाही. शेजाऱ्याकडून दोन्ही कंपन्यांचे फोन मागून घ्या. घरात, वावराच्या धुऱ्यावर, शाळेजवळ आणि पोराच्या खोलीवर आकडा लिहून घ्या. घरात मोजताना आत जाऊन मोजा. कवेलूच्या घरात रेंज शिरते, टिनाखाली निम्मी होते. एकदा वीज गेलेली असतानाही पाहा. काही टॉवर बॅटरी संपली की डोळे मिटतात आणि डिझेल येईपर्यंत उघडत नाहीत.

माझं मत विचाराल तर हजार रुपये जास्त देऊन साधा फोन घ्या. तुमच्या घरात सगळीकडे एअरटेलच चालत असतं, तर मीच म्हटलं असतं की स्वस्तवाला घ्या. मग कुलूप असलं काय अन् नसलं काय, हजार रुपये वाचतात. फोन हातात आला की दुकानातच दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून एक कॉल लावून बघा. 'नेटवर्क अनलॉक पिन' मागितला, तर तिथंच परत करा.

प्रश्न : दोन सिमचा ५जी फोन आहे. जिओवर ५जी दिसतं, एअरटेलवर ४जीच. मित्राकडे नेमकं उलट. फोन खराब का?
– संत्रा बागायतदार, वरूड

उत्तर : फोन ठीक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोघांनी ५जी सुरू केलं, पण दोन वेगळ्या वाटांनी. जिओनं ५जीचं जाळं स्वतंत्र उभं केलं. एअरटेलनं सुरुवातीला ते आपल्या ४जीच्या खांद्यावर बसवलं. काही फोनांत एका वाटेची सोय आधी होती, दुसरीची नंतर अपडेटनं आली. इतक्या महागड्या आयफोनातही ५जी चालू झालं ते १३ डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर. तेव्हा आधी फोन अपडेट करा.

मित्राच्या फोनात उलट दिसतं त्याचं कारण बहुधा जागा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी एकट्या जिओनं घेतल्या. त्या लांब जातात, झाडाझुडपातून आणि भिंतीतून आत शिरतात. ३,५०० च्या आसपासच्या लहरी वेगवान असतात, पण टॉवरपासून फार दूर जात नाहीत. तुमच्या बागेत कोण पोचतं ते तुमच्या बागेत उभं राहूनच कळेल. आणखी एक पाहा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून दोन्ही कंपन्यांनी अमर्याद ५जी दिवसाला दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरतं ठेवलं. दीड जीबीचा पॅक असेल, तर त्या ५जी फोनाचा अर्धा उपयोग कपाटात.

प्रश्न : जुलै २०२४ ला भाव वाढले तेव्हा आम्ही सगळे घरचे बीएसएनएलला गेलो. आता नवीन फोन घेतला तरी ४जी चढत नाही. परत जावं का?
– एक वाचक भगिनी, धारणी

उत्तर : ताई, परत जायच्या आधी तीन गोष्टी बघा. सिम जुनं असेल तर बीएसएनएलच्या ऑफिसातून ४जीचं करून घ्या. बँड म्हणजे लहरींचा पट्टा. फोनाच्या माहितीत 'बँड २८' आणि 'बँड १' आहेत का ते पाहा, बीएसएनएलचं ४जी त्यांच्यावर चालतं. बाहेरदेशातून आणलेल्या किंवा जुन्या स्वस्त फोनांत कधीकधी २८ नसतो, आणि मेळघाटासारख्या डोंगराळ भागात तोच कामाचा. तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या जवळचा टॉवर ४जीचा झाला का. देशी बनावटीच्या ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून झालं, पण उद्घाटनाचा दिवस सगळ्या टॉवरांना एकदम लागू होत नाही. टॉवर अजून जुनाच असेल, तर एक नंबर बीएसएनएलचा ठेवा आणि दुसरा गावात जो चालतो त्याचा. इथं मी खात्याची बाजू घेत नाही, हे ध्यानात आलं असेल.

प्रश्न : नंबर पोर्ट केला की नवीन फोनवर सूट मिळते म्हणतात. बँकेचे ओटीपी बंद पडतील का? कापसाची नोंदणीही याच नंबरवर आहे.
– हिंगणघाटहून

उत्तर : नंबर तोच राहतो, म्हणून बँक, आधार, कापूस विक्रीच्या नोंदणीचं 'कपास किसान' ॲप कुठंही काही बदलावं लागत नाही. फक्त कंपनी बदलायच्या वेळी काही तास फोन मुका होतो. कापूस घेऊन जायची तारीख जवळ असेल, तर त्या आठवड्यात पोर्टच्या फंदात पडू नका.

इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून, आपला दहा आकडी नंबर १९०० ला पाठवा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या कंपनीत तीन महिने पूर्ण झालेले पाहिजेत. हल्लीच सिम हरवून नवं काढलं असेल, तर सात दिवस कोड मिळत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस. जुन्या सिममधला बॅलन्स सोबत येत नाही, तो आधी संपवा. आणि कोड दुकानदाराला फोनवरून सांगू नका. समोर बसून, सूट किती ती बिलावर लिहून घेऊन मगच द्या.

प्रश्न : आजोबांच्या बटनाच्या फोनात जिओचं सिम टाकलं, चालत नाही.
– शाळकरी वाचक, दारव्हा

उत्तर : बेटा, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं ते थेट ४जीवर. त्यांच्याकडे २जी कधी नव्हतंच, आणि आजोबांचा फोन बहुधा २जीचा. त्यात एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम टाक, लगेच बोलेल. आजोबांना नवा फोन घेऊन देऊ नकोस, त्या फोनाची बॅटरी आठवडाभर टिकते.

घाटंजीच्या वाचकांनी 'फोन गरम होते' एवढंच लिहून पाठवलं आहे. फोनाचं मॉडेल, सिम कुठलं आणि घरापासून टॉवर साधारण किती लांब, हे कळवा. मग पुढल्या अंकात बघू.